जपानी भयपटांतले संगीत ताण नेमका कसा वाढवते?

अनाहत (मूळ प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात मी दोन जपानी भयपट लागोपाठ पाहिले. पहिला मासाकी कोबायाशी यांचा १९६४ सालचा 'क्वाइदान' आणि दुसरा हिदेओ नाकाता यांचा १९९८ सालचा 'रिंग'. दोहोंमध्ये चौतीस वर्षांचे अंतर आहे. एक रंगवलेल्या आकाशाखाली, रंगमंचासारख्या नेपथ्यात घडतो, तर दुसरा टेलिफोन, टीव्ही आणि व्हिडिओ कॅसेट यांच्या अगदी घरगुती जगात. तरीही दोन्ही पाहताना वाटलेली अस्वस्थता एकाच जातीची होती आणि ती डोळ्यांपेक्षा कानांतून अधिक आत शिरली, असे माझे मत झाले.

ते मत पडताळून पाहण्यासाठी मी एक साधा प्रयोग केला. 'रिंग'च्या शेवटाकडे सादाको ही भुतीण टीव्हीच्या पडद्यातून बाहेर खोलीत येते, तो प्रसंग मी एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहिला आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकला. आवाज बंद असताना प्रसंग विचित्र वाटला, पण शेवटपर्यंत शांतपणे पाहता आला. नुसता ऐकताना मात्र मला मध्येच उठावे लागले, आणि पुढे काय होणार हे मला पाठ असूनही तसे झाले.

आता माझी अडचण सांगतो. भयपटातले संगीत म्हटले की माझ्या मनात एक ठरलेली रीत होती: व्हायोलिनचे सूर वर चढत जातात, आवाज वाढतो, लय घट्ट होते आणि शेवटी एक आघात होतो. या चित्रपटांत मी त्या चढत्या वाटेची खूण शोधत राहिलो आणि ती फारशी सापडली नाही. वही घेऊन बसलो तेव्हा मला एकही धून लिहून काढता आली नाही, इतकेच नव्हे तर काही ठिकाणी मी जे ऐकतो आहे ते संगीत आहे की खोलीतला एखादा आवाज आहे, हेही ठरवता आले नाही. मग ताण वाढतो तो कशामुळे? तो जपानी स्वरसप्तकाचा परिणाम आहे, वाद्यांचा आहे, की शांततेचा? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास मी मनापासून आभारी राहीन. नुसते 'वातावरणनिर्मिती उत्तम आहे' एवढ्या उत्तराने माझे समाधान होणार नाही, कारण ते वातावरण कोणत्या कृतीने निर्माण होते हेच मला समजून घ्यायचे आहे.

स्वरांकन (प्रतिसाद)

अनाहत, आपण वहीत काही लिहू शकला नाहीत, हेच माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पण त्याकडे येण्याआधी चित्रपटाच्या आधीच्या काळात जाणे आवश्यक आहे, कारण भुताच्या आगमनाला कोणता आवाज द्यायचा हा प्रश्न जपानी रंगभूमीने चित्रपटाच्या कितीतरी आधी सोडवला होता.

काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारामध्ये वादकांचा एक गट प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, काळ्या पडद्याआडच्या खोलीत बसतो. तो प्रेक्षकांना दिसत नाही, पण त्याला रंगमंच दिसतो. भूत येण्याच्या वेळी हा गट मोठ्या ढोलावर लांब काठ्यांनी हलके, सलग आघात करतो. त्या वादनाला 'दोरोदोरो' म्हणतात. सोबत बासरीचा एक थरथरता, स्थिर न होणारा सूर असतो. हे दोन आवाज जपानी मनात इतके रुजले आहेत की 'ह्यू-दोरोदोरो' एवढे म्हटले तरी भूत आले असे कोणालाही समजते. त्सुरुया नान्बोकू चौथे यांचे 'तोकाइदो योत्सुया काइदान' हे नाटक १८२५ साली एदो (आजचे टोकियो) येथे पहिल्यांदा रंगमंचावर आले. नवऱ्याच्या विश्वासघाताने विद्रूप होऊन मेलेली ओइवा त्यात सूड घ्यायला परत येते. या कथेवर पुढे अनेक चित्रपट झाले. नोबुओ नाकागावा यांचा १९५९ सालचा चित्रपट त्यांपैकी विशेष मानला जातो.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. त्याच पडद्याआडच्या खोलीतून निसर्गाचे आवाजही येतात, आणि त्यांत बर्फाचाही आवाज आहे. बर्फ पडताना आवाज होत नाही, तरी काबुकीत बर्फ पडत असल्याचे दाखवण्यासाठी मोठ्या ढोलावर मऊ टोकाच्या काठीने धीमे, गुदमरलेले ठोके वाजवले जातात. ज्या गोष्टीला आवाजच नाही तिला आवाज देण्याची ही रीत एकदा मान्य झाली, की भुताला आवाज देणे फार दूरचे राहत नाही. वारा, पाणी, बर्फ आणि भूत हे सारे एकाच ढोलातून येतात. म्हणजे प्रेक्षकाला 'हे संगीत' आणि 'हा निसर्ग' अशी विभागणी करण्याची सवयच त्या रंगभूमीने लावलेली नाही.

दुसरी गोष्ट नो या मुखवट्यांच्या जुन्या जपानी नाट्यातली. तिथे ढोलवादक आघाताच्या आधी 'यो' किंवा 'हो' अशी आरोळी देतात. आरोळी आणि आघात यांच्यामधले अंतर नेहमी सारखे नसते; ते प्रसंगाप्रमाणे ताणले जाते. ज्यांना ताल परिचित आहे त्यांनी असे समजावे की सम येणार हे नक्की आहे, पण कधी येणार ते मात्रा मोजून कळत नाही. या मोकळ्या अंतराला जपानीत 'मा' म्हणतात. त्याचा अर्थ केवळ शांतता असा करणे मला अपुरे वाटते. शांततेत काही घडत नसते; 'मा'मध्ये मात्र श्रोता थांबून वाट पाहत असतो, आणि ती वाट पाहणे हाच तिथला मजकूर असतो. ताण स्वरांनी वाढत नाही, तो या अंतरात श्रोत्याकडून वाढवून घेतला जातो.

नो बासरीबद्दल एक तपशील सांगतो, कारण तो वाद्यरचनेत मुद्दाम केलेला आहे. या बासरीच्या आत, फुंकण्याचे छिद्र आणि बोटांचे पहिले छिद्र यांच्या मध्ये एक बारीक नळी बसवलेली असते. तिच्यामुळे वरचे सप्तक खालच्या सप्तकाशी जुळत नाही. वादकाने तीच बोटे ठेवून जोराने फुंकले तर अपेक्षित वरचा षड्ज मिळत नाही, त्याच्या आसपासचे काहीतरी मिळते. आपण ज्याला बेसूर म्हणू ते तिथे शतकानुशतके जपलेले आहे.

खर्ज (प्रतिसाद)

मी काही वर्षे ध्वनिमिश्रणाचे काम केले आहे, म्हणून 'रिंग'मधल्या त्या प्रसंगाकडे कामाच्या टेबलावरून पाहतो. संगीतकार केंजी कावाई आहेत, ज्यांचे 'घोस्ट इन द शेल' या १९९५ सालच्या चित्रपटाचे संगीतही प्रसिद्ध आहे. तिथे त्यांनी समूहगान आणि ढोल यांचा भरघोस वापर केला आहे. 'रिंग'मध्ये ते जवळजवळ उलट वागतात आणि पुष्कळदा पूर्णपणे गप्प बसतात.

त्या प्रसंगात टीव्हीवर विहीर दिसते तेव्हा धातूवर धातू घासल्यासारखा एक आवाज ऐकू येतो. हा आवाज शापित कॅसेटचा आहे, म्हणजे पात्रालाही तो ऐकू येतो. त्याच वेळी संगीतातही त्याच जातीचे कर्कश सूर आहेत, जे फक्त आपल्यासाठी आहेत. दोन्हींचा पोत इतका जवळचा आहे की कॅसेट कुठे संपते आणि संगीत कुठे सुरू होते हे कानाला सांगता येत नाही. परिणामी आपल्याला मिळणारा एक आधार नाहीसा होतो. नेहमीच्या भयपटात संगीत चढू लागले की आपण मनात म्हणतो, 'हा दिग्दर्शकाचा इशारा आहे, पात्राला तो माहीत नाही, मला माहीत आहे.' ही माहिती भीतीदायक असली तरी ती आपल्याला पात्रापासून सुरक्षित अंतरावर ठेवते. इथे आवाज खोलीतला की खोलीबाहेरचा हेच ठरत नाही, म्हणून आपणही त्याच खोलीत असतो.

आता कर्कशपणाविषयी. दोन सूर एकमेकांच्या अगदी जवळ असले, समजा एक ४४० हर्ट्झचा आणि दुसरा ४४६ हर्ट्झचा, तर त्यांच्या मिश्रणात सेकंदाला सहा वेळा आवाज कमी-जास्त होतो. तंबोरा मिळवताना हे डोलणे आपण सर्वांनी ऐकलेले असते. तारा जुळल्या की ते थांबते. हे अंतर वाढवत वीस-तीस हर्ट्झच्या आसपास नेले की डोल वेगळे मोजता येत नाहीत आणि आवाज खरखरीत लागू लागतो. कावाई यांच्या तंतुवाद्यांच्या गर्दीत अशी अनेक न जुळलेली अंतरे एकाच वेळी असतात आणि ती जुळण्याच्या दिशेने जात नाहीत. मेलडीत विसंवादानंतर संवाद येईल अशी आशा असते. इथे ती आशाच दिली जात नाही. शिवाय माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. किंचाळी, तान्ह्या बाळाचे रडणे आणि घासणारा धातू यांची बरीचशी शक्ती याच पट्ट्यात असते. म्हणून तो आवाज फार मोठा नसतानाही टोचतो.

आणखी एक तंत्र उलट्या ध्वनिफितीचे आहे. कोणताही नैसर्गिक आघात, मग तो घंटेचा असो वा पियानोचा, एकदम सुरू होतो आणि हळूहळू विरतो. तीच फीत उलटी चालवली की आवाज शून्यातून फुगत येतो आणि ऐन भरात तुटतो. निसर्गात जवळपास काहीही असे वागत नाही. जे हळूहळू मोठे होते ते आपल्याकडे येत आहे, असा कानाचा फार जुना समज आहे. त्यामुळे उलटा आवाज ऐकताना काहीतरी चालून येत असल्याचा भास होतो आणि पोहोचायच्या क्षणी ते नाहीसे होते. सादाकोची चाल चित्रित करताना अभिनेत्रीला उलटे चालवून ते चित्रण उलट्या क्रमाने दाखवले होते, हे बहुतेकांना माहीत असेल. काळ उलटा वाहतो आहे हे डोळ्यांना नीटसे कळत नाही, पण शरीर मात्र ते ओळखते. उलट्या आवाजाचे कामही तेच आहे.

एक गैरसमज मात्र दूर व्हावा असे वाटते. भयपटांत २० हर्ट्झच्या खालचे, न ऐकू येणारे सूर मिसळून भीती निर्माण करतात, असे वारंवार लिहिले जाते. घरच्या टीव्हीचे स्पीकर त्या पट्ट्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत, आणि अनाहत यांना तर घरी बसून भीती वाटली. म्हणून त्या स्पष्टीकरणावर मी फारसा विसंबणार नाही.

शांततेबद्दल एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात एका लघुपटासाठी मी एक तणावाचा प्रसंग मिसळत होतो आणि शांतता हवी म्हणून मी ध्वनिपट्टी त्या ठिकाणी पूर्ण कोरी केली. पहिल्याच प्रदर्शनात त्या जागी प्रेक्षक घाबरण्याऐवजी मागे वळून प्रक्षेपण खोलीकडे पाहू लागले, कारण त्यांना यंत्र बंद पडले असे वाटले. ती चूक मला आजही लाजवते, पण तिने मला शिकवले की पडद्यावरच्या शांततेलाही एक पोत द्यावा लागतो: रिकाम्या खोलीची हवा, दूरचा पंखा, वायरींची गुणगुण. कियोशी कुरोसावा यांचा १९९७ सालचा 'क्युअर' या दृष्टीने ऐकावा. त्यात पोलीस अधिकारी घरी परततो तेव्हा त्याच्या मानसिक आजार असलेल्या पत्नीने कपड्यांचे यंत्र रिकामेच चालू ठेवलेले असते. ती घरघर पार्श्वसंगीताची जागा घेते. त्याने यंत्र बंद केल्यावर उरणारी खोली आधीपेक्षा अधिक भयाण वाटते, कारण आवाज होता तोवर आपण त्याला टेकलो होतो.

उत्तररात्र (प्रतिसाद)

वरचे दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, पण एका मुद्द्यावर मला हरकत घ्यावीशी वाटते. धून नसणे हेच जपानी भयपटसंगीताचे मर्म आहे, असा निष्कर्ष यातून निघू नये. नोबुहिको ओबायाशी यांच्या १९७७ सालच्या 'हाउस'मध्ये एक गोड, लक्षात राहणारी धून जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर फिरते आणि पियानो वाजवणाऱ्या मुलीला तो पियानोच गिळतो. ताकाशी मिइके यांच्या १९९९ सालच्या 'ऑडिशन'चे संगीत कोजी एंदो यांचे आहे. त्याचा बराच पूर्वार्ध एखाद्या हळव्या कौटुंबिक चित्रपटासारखा ऐकू येतो. विधुर नायकाविषयी आपल्याला माया वाटू लागते, आणि त्या मायेच्या भरवशावरच पुढचे सारे उभे आहे. मग अचानक एक खोली दिसते: केस पुढे सोडून मान खाली घालून बसलेली स्त्री, जमिनीवरचा टेलिफोन, मागे एक पोते. टेलिफोन वाजतो आणि पोते हलते. त्या आधीच्या मऊ संगीताने आपल्याला बेसावध केले नसते तर हा क्षण निम्माही उरला नसता.

'क्युअर'चे उदाहरण 'खर्ज' यांनी दिलेच आहे, तर त्याचा पहिला खून आठवावा. त्या दृश्यावर काहीशी खेळकर, हलकी धून वाजत असते. पाहणाऱ्याला कोणती भावना बाळगावी हे संगीत सांगत नाही. उलट चुकीची भावना देऊ करते. म्हणून मी असे म्हणेन की मुद्दा धून असण्या-नसण्याचा नाही. संगीताने प्रेक्षकाला आधीच सावध करण्याचे काम नाकारले आहे, आणि ते नाकारण्याचे अनेक मार्ग आहेत. गप्प राहणे हा त्यांपैकी एक मार्ग झाला.

तसेच या चित्रपटांत दचकवणारे आघात नसतात, असेही कोणी समजू नये. ते भरपूर असतात, विशेषतः २००० नंतरच्या चित्रपटांत, आणि त्यांतले काही मला स्वस्त वाटतात. दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि दोन-चार वेळा झाल्यावर ती बोथट होते. ताण मात्र पुन्हा पाहतानाही टिकतो, हे अनाहत यांच्या प्रयोगातून दिसतेच.

अनाहत (मूळ प्रश्नकर्ता)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे वाचून मी काल 'क्वाइदान'ची पहिली कथा, 'काळे केस', पुन्हा पाहिली आणि या वेळी केवळ आवाजांची नोंद केली. त्यातला सामुराई दारिद्र्याला कंटाळून क्योतोतल्या पत्नीला सोडून जातो, श्रीमंत घरात दुसरे लग्न करतो आणि अनेक वर्षांनी पश्चात्तापाने परत येतो. घर मोडकळीस आलेले आहे, पण पत्नी मात्र तशीच बसलेली आहे. रात्र तिच्यासोबत काढून तो सकाळी जागा होतो, आणि शेजारी तिचा सांगाडा आणि ते काळे केस उरलेले असतात.

नोंद करताना मला एक गोष्ट सापडली, जी पहिल्यांदा पाहताना मी जाणली होती पण ओळखली नव्हती. तो भयभीत होऊन घरातून पळू पाहतो, कुजलेल्या फळ्या त्याच्या पायाखाली मोडतात, तो भिंतींवर आदळतो, आणि त्या क्षणी त्या गोष्टींचा आवाज येत नाही. लाकूड चिरल्याचे, तडकल्याचे आवाज येतात, पण भलत्याच वेळी, जणू दुसऱ्याच कोणाच्या हालचालीचे. मी सुरुवातीला माझ्या प्रतीत दोष आहे असे समजलो होतो. आता मला वाटते की तो मुद्दाम केलेला बदल आहे. तसे असेल तर यामागचा विचार कोणी उलगडून सांगेल का?

जवारी (प्रतिसाद)

आपल्या प्रतीत दोष नाही. ही योजना संगीतकार तोरू ताकेमित्सू यांची आहे आणि चित्रपटसंगीताच्या इतिहासातली ती मला सर्वांत धाडसी योजनांपैकी एक वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ताकेमित्सू यांचा जन्म १९३० चा. तरुणपणी ते पाश्चात्त्य संगीताकडे ओढले गेले आणि युद्धकाळाच्या आठवणींमुळे जपानी पारंपरिक संगीतापासून दूर राहिले. १९५० च्या दशकात त्यांनी ध्वनिफितीवर प्रत्यक्ष जगातले आवाज घेऊन, कापून, जोडून, वेग बदलून रचना करायला सुरुवात केली. १९६० सालची त्यांची एक रचना पाण्याच्या थेंबांच्या आवाजांतून घडवलेली आहे. पुढे बुनराकु या बाहुलीनाट्यातले शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचे वादन ऐकून ते हादरले आणि आपल्याच परंपरेकडे नव्या कानांनी पाहू लागले. म्हणजे 'क्वाइदान'पर्यंत येताना त्यांच्या एका हातात ध्वनिफीत कापायची कात्री होती आणि दुसऱ्या हातात बिवा. हे दोन हात एकत्र आले ते कोणत्या विचाराने, ते समजले की आपला प्रश्न सुटतो.

बिवा हे वीणेच्या कुळातले वाद्य आहे. त्याची तार छेडली की सुरासोबत एक झणझणाट उमटतो, कारण तार पडद्याला किंचित स्पर्श करत कंप पावते. त्या झणझणाटाला जपानीत 'सावारी' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच स्पर्श असा आहे. तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कोणालाही ही कल्पना नवी वाटणार नाही. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण तारेला असाच स्पर्श घडवतो, आणि त्याशिवाय तंबोरा मुका वाटतो. पण एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. आपली जवारी सुराला भरून काढते, त्याचे स्वयंभू स्वर उजळते. सावारीत मात्र सुराच्या पोटात थोडा गोंगाट राहू दिला जातो, म्हणजे सिकाडा किड्याच्या आवाजाचा, खडबडीतपणाचा अंश. शाकुहाची या बांबूच्या बासरीतही वादक श्वासाचा फुत्कार स्वरात मिसळतो आणि तो दोष मानला जात नाही. अशा संगीतात सूर आणि आवाज यांच्यामध्ये भिंत नसते, एक उतार असतो, आणि त्या उतारावर कुठेही उभे राहता येते.

'काळे केस'मध्ये ताकेमित्सू यांनी त्या उताराच्या अगदी टोकाला जाऊन लाकडालाच वाद्य केले. लाकूड फाडण्याचे, चिरण्याचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्यावर प्रक्रिया केली आणि तेच त्या कथेचे संगीत झाले. म्हणजे आपण जे ऐकता ते त्या फळीचा आवाज नाही, आणि फळीशी संबंध नसलेले संगीतही नाही. पडद्यावरच्या क्षणापासून आवाज सोडवून घेतल्यामुळे तो कुठल्या कारणाचा परिणाम आहे हे कळेनासे होते. आपला कान आयुष्यभर एक काम न थकता करत असतो: आवाज आला की त्याचे कारण शोधणे. पाय आपटला म्हणून धप्प झाले, फांदी मोडली म्हणून कडाडले. इथे कारण दिसते तेव्हा आवाज नाही आणि आवाज येतो तेव्हा कारण नाही. जगाचा कार्यकारणभावच सैल झाला आहे, आणि ज्या माणसाने पत्नीला सोडले त्याच्यासाठी तो सैल झाला आहे. घर त्याच्या पावलांना उत्तर देत नाही. भूत दाखवण्याची गरजच उरत नाही.

याच कारणामुळे 'बर्फातली स्त्री' या कथेत शाकुहाचीचा इलेक्ट्रॉनिक रीतीने बदललेला आवाज वाऱ्याच्या जागी येऊन बसतो, आणि 'स्वरांकन' यांनी सांगितलेला बर्फाचा ढोल मला तिथे फार आठवला. 'कान नसलेला होइची'मध्ये तर बिवा हाच कथेचा विषय आहे: ११८५ सालच्या दान-नो-उराच्या लढाईत बुडालेल्या हेइके कुळाची भुते एका अंध गायकाकडून आपल्याच विनाशाचे गायन ऐकायला येतात. संपूर्ण शरीरावर बौद्ध धर्मवचने लिहून त्याला भुतांसाठी अदृश्य केले जाते, फक्त कान तेवढे विसरले जातात. ऐकणारा अवयवच उघडा राहतो, हे मला नेहमी या विषयाचे सर्वांत नेमके चित्र वाटत आले आहे.

त्याच वर्षी कानेतो शिंदो यांचा 'ओनिबाबा' आला. हिकारू हायाशी यांनी त्यात उंच गवताची सळसळ, ढोल आणि मानवी ओरडे एकत्र आणले. तिथे ताण संथ अंतरांतून येत नाही, रात्री गवतातून धावणाऱ्या पावलांच्या आवेगातून येतो. म्हणून 'मा' ही सर्व जपानी भयपटांची किल्ली आहे असे मी म्हणणार नाही. सूर आणि आवाज यांच्यातली ती भिंत नसणे हे मात्र दोन्हीकडे आहे. आणि पुढेही ते दिसते: कुरोसावा यांच्या २००१ सालच्या 'काइरो'मध्ये मोडेम जोडणी करतानाचा आवाज जवळजवळ मंत्रासारखा ऐकू येतो, नाकाता आणि कावाई यांच्याच २००२ सालच्या 'डार्क वॉटर'मध्ये छतातून गळणारे पाणी संगीताचे काम करते, ताकाशी शिमिझू यांच्या 'जु-ऑन'मध्ये कायाको या भुतिणीच्या घशातला तो तुटक घरघराट हीच तिची धून आहे. आपण वहीत स्वर लिहू शकला नाहीत, कारण तिथे लिहिण्याजोगे होते ते स्वरलिपीच्या बाहेर होते.

अनाहत (मूळ प्रश्नकर्ता)

मी प्रती बदलून पाहणार होतो, ते आता करणार नाही. एकच शंका उरली आहे, ती माझ्या मूळ प्रश्नातलीच आहे. जपानी स्वरसप्तकाचा यात काही वाटा आहे की नाही? बिवा आणि शामिसेन ऐकताना त्यांतली कोमल स्वरांची छाया मला फार उदास करते.

स्वरांकन (प्रतिसाद)

वाटा आहे, पण आपण समजता त्यापेक्षा कमी. एदो काळातल्या शामिसेन आणि कोतो या आडव्या तंतुवाद्याच्या संगीतात रुळलेले पंचस्वरी सप्तक सा, कोमल रे, शुद्ध म, प, कोमल ध असे मांडता येते. हे आपल्या गुणक्री रागाचेच स्वर आहेत. गुणक्री ऐकून आपल्याला करुण, शांत, क्वचित विरक्त वाटेल, पण भीती वाटणार नाही. 'साकुरा' हे चेरीच्या फुलांचे गाणेही याच स्वरांत आहे आणि ते लहान मुलांना शिकवतात. तेव्हा उदासी स्वरांत असू शकते, भीती मात्र त्यांच्या वागण्यात आहे. कोमल ऋषभ षड्जावर येऊन टेकला की मन निवते. बिवावादकाने तोच ऋषभ छेडून, तार किंचित खेचून, षड्ज न देताच हात उचलला, आणि उरलेली सावारी हवेत विरू दिली, तर आपण तो षड्ज मनातल्या मनात शोधत बसतो. होइचीच्या गायनाचा भाग पुन्हा ऐकताना वादकाचा हात तारेवरून उठल्यावर पुढचा आघात होईपर्यंत आपला श्वास कुठे असतो, याकडे लक्ष द्यावे.